टर्बोचा जोर आणि गिअरचा रुसवा

गोंदिया, प्रतिनिधी : अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो, फेऱ्यांचा काटा तीन हजारांवरून चार हजारांवर झेप घेतो, गाडीचा वेग मात्र तसूभरही वाढत नाही. कधी गिअर बदलताना मागून कुणी धक्का दिल्यासारखा झटका बसतो, तर कधी गाडी एकाच गिअरमध्ये अडून बसते. टर्बो इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर असलेल्या, त्यातही 'ट्यून' करून घेतलेल्या मोटारींच्या मालकांना ही लक्षणे अपरिचित नाहीत. गाडी गॅरेजमध्ये पोचली की बहुधा एकच निदान ऐकू येते : 'गिअरबॉक्स गेला!' नव्या गिअरबॉक्सचा खर्च लाखांच्या घरात जातो. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्यात गाडी नागपूरला वाहून नेण्याच्या खर्चाची भर पडते. एवढे करूनही काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवली, तर मूळ दोष गिअरबॉक्समध्ये नव्हताच, हे पैसे गेल्यावर ध्यानात येते.

मूळ क्षमतेच्या गाडीत गिअरचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. ट्यून केलेल्या गाडीत मात्र इंजिन, संगणक आणि गिअरबॉक्स या तिघांपैकी कुणीही बिघडले, तरी चालकाला तो झटका गिअरचाच वाटतो. म्हणूनच अशा गाडीची तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू करून क्रमाक्रमाने महागड्या भागांकडे न्यावी लागते. हा क्रम कोणता आणि तो तसाच का, हे वाहनमालकाने समजून घेतले, तर निष्कारण होणारा मोठा खर्च टळू शकतो.

दोन शोध, एकच वर्ष

टर्बोचार्जर आणि टॉर्क कन्व्हर्टर यांचा जन्म योगायोगाने एकाच वर्षी झाला. १९०५ साली स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंवर टर्बाइन फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. त्याच वर्षी जर्मनीतील हेरमान फ्योटिंगर यांनी द्रवाच्या प्रवाहातून शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. फ्योटिंगर यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा जहाजे होती. पुढे हीच कल्पना मोटारीत आली आणि क्लचचे पेडल नाहीसे झाले.

आज भारतातील टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आढळतात. पहिला टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेले चाक असते. वेग स्थिरावला की आतील 'लॉक-अप' क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो, म्हणजे तेलात वाया जाणारी शक्ती वाचते. दुसरा प्रकार जोड-क्लचचा, म्हणजे 'ड्युअल क्लच'चा. यात दोन क्लच असतात. एकाकडे विषम क्रमांकाचे गिअर, तर दुसऱ्याकडे सम क्रमांकाचे. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो. यातही दोन पोटप्रकार आहेत. क्लच तेलात बुडालेला असेल तो 'ओला', नसेल तो 'कोरडा'. ओल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्याला ती हवेतच सोडावी लागते.

प्रत्येक गिअरबॉक्स ठरावीक टॉर्क, म्हणजे इंजिनाने दांड्याला दिलेला पीळ, सोसण्यासाठी घडवलेला असतो. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा कोरडा डीएसजी हा २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठीचा. भारतात २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये तो बसवला होता, तेव्हा इंजिनाचा टॉर्क होता १७५ न्यूटन-मीटर. म्हणजे कागदावर तरी बरीच जागा शिल्लक होती. २०२१-२२ मध्ये आलेल्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांच्या दीड लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क मात्र कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये जोडीला तोच गिअरबॉक्स. येथे कागदावर काहीच शिल्लक नाही. अशा गाडीचा टॉर्क वाढवणे म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पलीकडे पाऊल टाकणे होय. ट्यूनिंगचा विचार करण्यापूर्वी मालकाने हे दोन आकडे, इंजिनाचा टॉर्क आणि गिअरबॉक्सची क्षमता, शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

गिअरबॉक्सला सांगते कोण?

गिअरबॉक्स आंधळा असतो, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. इंजिन किती जोर लावत आहे हे त्याला प्रत्यक्ष मोजता येत नाही. इंजिनाचा संगणक हवा, पेट्रोल, टर्बोचा दाब आणि ठिणगीची वेळ यांवरून टॉर्कचा हिशेब करतो आणि तो आकडा तारेवरून गिअरबॉक्सच्या संगणकाला कळवतो. त्या आकड्यावर विसंबून गिअरबॉक्स क्लचवर किती दाब द्यायचा ते ठरवतो. दाब जास्त दिला तर गिअर धाडकन पडतो. कमी दिला तर क्लच घसरतो. गिअर बदलण्याच्या क्षणी तो इंजिनाला 'जोर जरा कमी कर' अशी विनंतीही करतो आणि इंजिनाने ती पाळावी अशी अपेक्षा असते.

ट्यूनिंगमध्ये नेमके याच संवादात विघ्न येऊ शकते. ट्यूनिंगचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला 'रिमॅपिंग', म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलणे. दुसरा 'ट्यूनिंग बॉक्स'. ही छोटी डबी टर्बोच्या दाबाचा सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दाब संगणकाला दाखवते. दाब कमी आहे असे समजून संगणक टर्बोला अधिक जोर लावायला सांगतो. गाडीचा पिकअप वाढतो, मालक खूश होतो. परंतु संगणकाचा टॉर्कचा हिशेब आता चुकीच्या आकड्यावर उभा असतो आणि तोच चुकीचा आकडा गिअरबॉक्सला कळवला जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मूळ टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता आणि ट्यूनिंगनंतर तो प्रत्यक्षात २३० झाला; पण गिअरबॉक्सला अजूनही १७५ च कळवले जात आहे. म्हणजे क्लचवर येणारा भार सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला, त्याला दाबून धरणारा जोर मात्र जुन्याच हिशेबाचा राहिला. संगणक थोडा राखीव दाब ठेवतोच. पण तो संपला की क्लच घसरू लागतो. येथे गिअरबॉक्सचा एकही भाग बिघडलेला नसतो. त्याला चुकीची माहिती मिळालेली असते, एवढेच. नवा गिअरबॉक्स बसवला तरी त्यालाही तीच माहिती मिळणार आणि त्याचेही तेच होणार. उत्तम रिमॅपिंगमध्ये टॉर्कचा हा हिशेब सुधारून घेतला जातो, तसेच आवश्यकतेनुसार गिअरबॉक्सच्या संगणकातील दाबाच्या मर्यादाही बदलल्या जातात. स्वस्तातल्या कामात हे टाळले जाते आणि त्याची किंमत क्लच मोजतो.

लक्षणे काय सांगतात?

वैद्य नाडी पाहण्याआधी रुग्णाला प्रश्न विचारतो, तसेच येथेही करावे लागते. दोष गाडी थंड असताना दिसतो की तापल्यावर? हळू चालवताना की पूर्ण जोर लावल्यावर? सर्व गिअरमध्ये की ठरावीक गिअरमध्ये? या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली, तर तपासाचे निम्मे काम झाले असे समजावे.

पूर्ण जोर लावल्यावर, विशेषतः चौथ्या ते सहाव्या गिअरमध्ये, इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरत आहे. ट्यून केलेल्या गाडीत याचा संशय प्रथम वर सांगितलेल्या टॉर्कच्या हिशेबावर घ्यावा.

सकाळी गाडी सुरू करून 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर गाडी एक-दोन सेकंद विचार करते आणि मग झटक्याने निघते, असे असेल तर तेलाची पातळी अथवा दाब कमी असण्याची शक्यता अधिक. याचा ट्यूनिंगशी बहुधा संबंध नसतो.

जोड-क्लचच्या गाडीत सम क्रमांकाचे गिअर आणि रिव्हर्स एकदमच मिळेनासे झाले, विषम मात्र व्यवस्थित पडतात, तर दोष एका क्लचच्या बाजूचा आहे हे उघड होते. सात गिअरच्या कोरड्या डीएसजीमध्ये दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स हे एका क्लचकडे, तर पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा दुसऱ्याकडे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी बंद पडल्या, तर क्लचपेक्षा विजेच्या पुरवठ्याकडे आणि तेलाचा दाब निर्माण करणाऱ्या यंत्रणेकडे पाहावे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जाताना, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. ती लॉक-अप क्लचची असू शकते, तशीच इंजिनात एखादी ठिणगी चुकल्याचीही असू शकते. फरक ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, वेग कायम ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल जेमतेम स्पर्शावे. बहुतेक गाड्यांत त्यामुळे लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर संशय लॉक-अपवर. तशीच राहिली, तर इंजिनाकडे वळावे. ही चाचणी अनुभवी चालकानेच करावी, वर्दळीत मुळीच करू नये.

प्रत्येक गिअर बदलताना 'धाप' असा आवाज येत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसवलेले असतात ते तपासावेत. वाढलेल्या टॉर्कने हे माउंटिंग फाटतात. काही हजारांत बदलता येणाऱ्या रबरापायी लाखांचा गिअरबॉक्स बदनाम होऊ शकतो.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी बॅटरीची. हास्यास्पद वाटेल, परंतु गिअरबॉक्समधील झडपा विजेवर चालतात आणि व्होल्टेज घसरले की त्या नीट उघडत-मिटत नाहीत. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, तर इंजिन सुरू असताना सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-अधिक करतो, तेथे उत्पादकाचा आकडा प्रमाण मानावा. गिअरबॉक्स आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल वा गंजलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. दमदार पावसाच्या या जिल्ह्यात ही गंज अपवादात्मक नाही.

दुसरी पायरी संगणकातील नोंदींची. साधे स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. त्यावर 'पी ०७००' असा कोड दिसला, तर त्याचा अर्थ 'गिअरबॉक्सच्या संगणकाला काही सांगायचे आहे' एवढाच होतो. गिअरबॉक्स खराब झाला असा नव्हे. त्यासाठी गिअरबॉक्सच्या संगणकाशी संवाद साधू शकणारा स्कॅनर लागतो. 'पी ०७३०' म्हणजे अपेक्षित गिअर गुणोत्तर न जुळणे, 'पी ०७४१' म्हणजे लॉक-अपचा दोष, 'पी ०२१८' म्हणजे गिअरबॉक्स अतितप्त होणे. त्यांच्या जोडीला 'पी ०२९९', म्हणजे टर्बोचा दाब कमी पडणे, किंवा 'पी ०२३४', म्हणजे तो प्रमाणाबाहेर वाढणे, असा इंजिनाचा कोड असेल तर तपासाची दिशाच बदलते. नोंद उतरवून घेतल्याशिवाय कोड पुसू नयेत. दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि फेऱ्या यांची नोंद संगणक ठेवतो. कोड पुसले की ती नाहीशी होते. घाईने कोड पुसून 'दुरुस्त झाली' असे सांगणे म्हणजे पंचनाम्याआधीच घटनास्थळ धुऊन काढण्यासारखे आहे.

तिसरी पायरी तेलाची. आधुनिक गिअरबॉक्सला बहुधा तेल मोजण्याची पट्टी नसते. उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, इंजिन सुरू ठेवून, ठरावीक बूच उघडून पातळी पाहिली जाते. तापमान न पाहता मोजलेली पातळी निरुपयोगी ठरते, कारण तापल्यावर तेल फुगते. तेलाचा रंग काळपट-तपकिरी आणि वास जळका असेल, तर क्लच घसरून तापला असल्याची ती खूण होय. चुंबकावर बारीक करडा लेप दिसणे नैसर्गिक आहे. धातूचे तुकडे वा चकत्या दिसल्या, तर मात्र आत मोडतोड झाली असे समजावे. तेल बदलताना 'लाल रंगाचे म्हणजे सर्वांना चालणारे' हा समज सोडून द्यावा. प्रत्येक गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीमध्ये दर ६० हजार किलोमीटरला तेल बदलण्याची शिफारस आहे. ट्यून केलेल्या गाडीत तेलावरचा ताण वाढलेला असतो, म्हणून हा बदल त्याआधीच करणे शहाणपणाचे.

चौथी पायरी इंजिनाची. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या रबरी नळीला लहानशी चीर पडली, तरी वाढीव दाबात ती उघडते. मग जोर मध्येच तुटतो, पुन्हा येतो आणि चालकाला तो गिअरचा झटका वाटतो. वाढलेल्या दाबात स्पार्क प्लगची ठिणगी विझण्याची शक्यताही वाढते. म्हणून प्लग बदलणे आणि त्यांच्या टोकांमधील फट ट्यूनिंगला अनुरूप ठेवणे आवश्यक ठरते. पेट्रोलचाही प्रश्न आहे. पुण्या-मुंबईत उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर आखलेली आज्ञावली घेऊन गाडी गोंदियात आली, तर तसे पेट्रोल येथे प्रत्येक पंपावर मिळेलच असे नाही. साध्या पेट्रोलवर इंजिन 'नॉक' करू लागते, संगणक ठिणगी मागे खेचतो आणि टॉर्क क्षणोक्षणी बदलत राहतो. त्यातून गिअर केव्हा बदलावा याचाच गोंधळ उडतो.

पाचवी पायरी प्रत्यक्ष आकडे नोंदवण्याची. गाडी चालवताना स्कॅनरने इंजिनाच्या फेऱ्या, गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या, बाहेर जाणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या, तेलाचे तापमान, टर्बोचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब, तसेच कळवला गेलेला टॉर्क यांची एकाच वेळी नोंद घ्यावी. या आकड्यांपुढे अंदाज उरत नाही. चौथ्या गिअरचे गुणोत्तर १.२ आहे आणि बाहेरच्या दांड्याच्या फेऱ्या मिनिटाला २००० आहेत असे समजा. मग आतल्या दांड्याच्या २४०० हव्यात. त्या २६५० दिसल्या, तर २५० फेऱ्या गिअरबॉक्सच्या आतच कुठेतरी घसरत आहेत. आतल्या दांड्याचा हिशेब जुळतो, पण लॉक-अप लागलेला असताना इंजिनाच्या फेऱ्या त्याहून जास्त आहेत, तर घसरण लॉक-अपची. जोड-क्लचच्या गाडीत हाच फरक क्लचची घसरण दाखवतो. आणि हे सर्व आकडे जुळत असताना टर्बोचा दाबच खाली-वर होत असेल, तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारणच नाही.

ही घसरण किती घातक? २३० न्यूटन-मीटर टॉर्कवर मिनिटाला २५० फेऱ्यांची घसरण म्हणजे सुमारे सहा किलोवॅट उष्णता. घरातील दोन किलोवॅटचे तीन गिझर एका ताटलीएवढ्या क्लचवर एकदम सुरू केल्यासारखे ते आहे. हे काही सेकंदच चालले तर निभावते. रोज चालले तर क्लच जळतो. आरंभी केवळ चुकीच्या माहितीचा असलेला दोष मग खराखुरा यांत्रिक दोष होऊन बसतो. म्हणून अशी घसरण दिसल्यावर 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' हे धोरण परवडत नाही.

सहावी पायरी सर्वांत निर्णायक आणि सर्वांत दुर्लक्षित. ट्यूनिंग बॉक्स काढून किंवा कारखान्याची मूळ आज्ञावली परत घालून गाडी चालवून पाहावी. दोष नाहीसा झाला, तर गिअरबॉक्स अजून शाबूत आहे आणि सुधारणा ट्यूनिंगमध्ये करायची आहे. दोष कायम राहिला, तर गिअरबॉक्सवरील संशय बळावतो. या चाचणीनंतर गिअरबॉक्सच्या संगणकाने शिकून ठेवलेली क्लचची मापे पुन्हा जुळवून घ्यावी लागतात, अन्यथा मूळ आज्ञावलीवरही काही काळ झटके जाणवू शकतात.

ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देण्याची 'स्टॉल टेस्ट' काही ठिकाणी सर्रास केली जाते. ट्यून केलेल्या गाडीत ती टाळावी. टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल काही सेकंदांत अतितप्त होते आणि कोरड्या क्लचच्या गाडीत तर हा प्रयोग म्हणजे क्लच जाळण्याचे निमंत्रण होय.

उन्हाळा, फाटक आणि धानाच्या गाड्या

निदान करताना गाडी कुठे चालते, हेही पाहावे लागते. गोंदियाचा उन्हाळा पारा ४५ अंशांच्या आसपास नेतो. गिअरबॉक्सचे तेल साधारणतः ८० ते १०० अंशांवर काम करते. त्याच्या वर तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. बाहेरची हवाच तप्त असेल, तर तेल थंड करणाऱ्या कूलरला काम करायला वाव कमी उरतो. टर्बोच्या इंटरकूलरचीही तीच अवस्था.

हावडा-मुंबई लोहमार्गाने गोंदिया शहराचे दोन भाग केले आहेत. धानाच्या हंगामात ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि राईस मिलकडे निघालेले ट्रक यांच्या मागे गाडी पावलापावलाने सरकते. कोरड्या क्लचला महामार्गावरील वेगापेक्षा हे सरपटणेच अधिक जाचते. क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत राहतो आणि तापतो. रेल्वे फाटकाजवळ दर दोन सेकंदांनी ब्रेक सोडून इंचभर पुढे जाण्याऐवजी पुढे मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच निघावे. चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरणे टाळावे, ब्रेक दाबून ठेवावा.

हवामानाचा हा मुद्दा काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या सात गिअरच्या डीएसजीसाठी परत बोलावल्या. उष्ण-दमट हवामान आणि सतत थांबत चालणारी वाहतूक यांत सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, असे आढळले होते. त्या जागी खनिज तेल भरण्यात आले. या गाड्या कारखान्यातून आल्या तशाच होत्या, त्यात ट्यूनिंगचा भाग नव्हता. कारखान्याच्याच हिशेबाला हवामान असे छेद देत असेल, तर त्यावर टॉर्कचा भार वाढवणाऱ्याने किती सावध राहावे, हे वेगळे सांगायला नको.

गोरेगावमार्गे कोहमाऱ्याला जाऊन राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लागले की चित्र बदलते. देवरीकडे, रायपूरच्या दिशेने, मालट्रकांची रांग असते. ओव्हरटेक करताना पूर्ण जोर लावला जातो आणि क्लचची घसरण नेमकी तेव्हाच उघडकीस येते. समोरून ट्रक येत असताना गाडीने जोर न धरणे हा केवळ खर्चाचा विषय राहत नाही. ज्या गाडीत अशी घसरण एकदा जाणवली, तिचा तपास होईपर्यंत ओव्हरटेक आणि पूर्ण जोर टाळलाच पाहिजे.

गाडी बंद पडलीच, तर?

गिअरबॉक्सने स्वतःचे रक्षण करण्यासाठी गाडी एकाच गिअरमध्ये अडकवली, ज्याला 'लिंप मोड' म्हणतात, तर बाजूला सुरक्षित जागी थांबावे. तापमानाचा इशारा असेल तर गाडी थंड होऊ द्यावी. दोरी बांधून ओढत नेण्याचा मोह टाळावा. अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली, तर आतील भाग तेलाविना फिरतात. नागपूर येथून लोहमार्गानेच १३० किलोमीटर दूर. रस्त्याने त्याहूनही अधिक. एवढे अंतर ओढत नेलेला, मुळात दुरुस्त होण्याजोगा गिअरबॉक्सही निकामी होऊ शकतो. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. निदान ज्या चाकांना गिअरबॉक्स जोडलेला आहे ती तरी जमिनीपासून उचललेली असावीत.

गॅरेजमध्ये गेल्यावर ट्यूनिंग केल्याचे लपवू नये. वॉरंटी जाईल या भीतीने अनेक मालक मौन बाळगतात आणि तपासणारा माणूस मूळ आकड्यांशी तुलना करत चुकीच्या दिशेने जातो. गिअरबॉक्स उघडण्याची परवानगी देण्यापूर्वी मालकाने चार गोष्टी लेखी मागाव्यात : आढळलेले कोड, तेलाची स्थिती, चालत्या गाडीतील फेऱ्यांची नोंद आणि मूळ आज्ञावलीवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष. हे चारही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, म्हणजे तेलात धातूचे तुकडे, मूळ आज्ञावलीवरही घसरण आणि गुणोत्तर न जुळल्याची नोंद असेल, तर गिअरबॉक्स उघडणे रास्त ठरते. तेव्हाही सबंध गिअरबॉक्स बदलण्याआधी केवळ क्लचचा संच किंवा झडपांचा भाग बदलून भागेल का, हे विचारावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुज्ञेय नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. वॉरंटी नाकारली जाणे आणि अपघातानंतर विमा कंपनीने प्रश्न उपस्थित करणे, हे धोके निराळेच. 'एमएच ३५' क्रमांकाची गाडी चौकात थांबवून कुणी तिची आज्ञावली तपासत नाही, हे खरे. परंतु अपघातानंतरची तपासणी वेगळी असते.

टर्बोने दिलेला जोर रस्त्यापर्यंत पोचवण्याचे काम गिअरबॉक्सचे असते आणि त्यासाठी त्याला तीन गोष्टी हव्या असतात : इंजिनाच्या टॉर्कची खरी माहिती, योग्य तेल आणि पुरेशी थंडाई. ट्यून केलेली गाडी रुसली की आधी या तिन्हींपैकी काय कमी पडले ते पाहावे. बॅटरी मोजायला काही मिनिटे, कोड आणि तेल पाहायला काही तास, मूळ आज्ञावलीवर चालवून पाहायला फार तर एक दिवस लागतो. लाखांचा धनादेश लिहिण्यापूर्वी हा एक दिवस देणे कुणालाही परवडण्यासारखे आहे.